मनीचे डोळे

मागच्या वीकांताला हापिसात रिलीज होतं. रात्रीचे अडीच वाजलेले, डिप्लॉयमेंटची ती पट्टी काही पुढे सरकेना, आणि टीममधल्या एकाने फ्रीजमधून एनर्जी ड्रिंकचे कॅन आणून सगळ्यांना वाटले. करायला काही नव्हतं म्हणून मी कॅनवरची बारीक अक्षरं वाचत बसलो. (मला ही जुनी सवय आहे. मी शांपूच्या बाटल्यासुद्धा वाचतो.) पाणी, साखर, कॅफीन, टॉरिन...

टॉरिन वाचलं आणि एकदम आमची मनी आठवली.

मनी म्हणजे आमची मांजर. शनिवार पेठेतल्या वाड्यात, जिन्याखालच्या लाकडांच्या ढिगात २००१ मध्ये जन्मलेली. आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा घरात येत नसे. आजी सकाळी दूध तापवलं की त्यात कालची पोळी कुस्करून मनीच्या ताटलीत घालायची. दुपारी दूधभात. बाकी दिवसभर मनी कुठे असायची ते कोणाला माहीत नसायचं. कौलांवर, माळ्यावर, शेजारच्या बोळात. आणि आजी अभिमानाने सांगायची, "आमची मनी शाकाहारी आहे हो!" आम्हालाही ते खरंच वाटायचं :-)

२००५ साली वाडा पाडायला निघाला आणि आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मनीलाही बाजारच्या पिशवीत घालून आणलं. खिडक्यांना जाळ्या, गॅलरीला ग्रिल, दार कायम बंद. खाणं मात्र तेच. उलट लाड वाढलेच, कारण आता ती दिवसभर समोर असायची. साय, दहीभात, कधी पेढ्याचा तुकडा.

साधारण तीन वर्षांनी मनी भिंतींना धडकायला लागली. भर उन्हात बसली तरी तिच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहायच्या. रोजची वाट तिला पाठ होती, पण कोणी स्टूल जरा हलवलं की आपटायची. दाखवायला नेलं तर वय झालंय म्हणाले. सात वर्षांच्या मांजराचं वय झालं? तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, मला काय कळतंय. २०१० मध्ये एका सकाळी ती सोफ्याखाली गेलेली सापडली.

त्यानंतर बरीच वर्षं मी हे सगळं विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बायकोने पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटखालून एक पिल्लू काढलं (गोट्या. आता चांगलाच बोका झालाय), आणि त्याला काय खायला घालायचं म्हणून मी वाचायला बसलो. तिथे हा इतिहास सापडला. तो मला नीट मांडून ठेवायचा आहे.

टॉरिन सापडलं १८२७ साली. टीडमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, म्हणून टॉरिन. मांसात ते भरपूर असतं, वनस्पतींमध्ये जवळजवळ नाहीच, आणि गाईच्या दुधात अगदी नावापुरतं. पुढे जवळपास दीडशे वर्षं मांजराचा आणि त्याचा संबंध जोडण्याची कोणाला गरज वाटली नाही.

कारण मांजराला आपण खायला घालतो, ही कल्पनाच मुळात नवी आहे. २००४ मध्ये सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन उजेडात आलं. माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं. म्हणजे शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं, आणि माणसाने त्याला राहू दिलं. करार साधा होता : घर आमचं, उंदीर तुझे. कुत्र्याचं तसं नाही. तो आधीपासून आपल्या ताटातलं उष्टं खात आलाय. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ पदार्थ पचवायला लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात आणि कुत्र्यात चार ते तीस! आपल्या पोळीभाकरीने कुत्रा आतून बदलला. मांजर बदललं नाही. त्याला तर गोडाची चवसुद्धा कळत नाही, ती ओळखणारं जनुकच मोडलेलं आहे (हे २००५ मध्ये कळलं). आमच्या मनीने पेढा खाल्ला असेल तो खव्यासाठी.

आता विकतच्या खाण्याकडे वळू. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन माणूस १८६० च्या आसपास लंडनला गेला. तिथल्या गोदीत बोटींवरची शिळी बिस्किटं भटकी कुत्री आवडीने खातात, हे त्याने पाहिलं अशी गोष्ट सांगतात. त्यातून त्याने गव्हाचं पीठ, भाज्या आणि मांस घालून कुत्र्यांची बिस्किटं काढली. १९२२ मध्ये अमेरिकेत डब्यातलं घोड्याचं मांस आलं. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली आणि कोरड्या खाण्याला बरे दिवस आले. १९५७ मध्ये यंत्रातून दाबून फुगवलेले कोरडे दाणे बाजारात आले, आज आपण पिशवीतून ओततो तेच. लक्षात घ्या, ही सगळी मुख्यतः कुत्र्याची गोष्ट आहे.

मांजराच्या बाबतीत खरी उलथापालथ केली ती मात्र मातीने. १९४७ मध्ये मिशिगनमधल्या एड लोव या तरुणाकडे शेजारीण मांजराच्या खोक्यासाठी वाळू मागायला आली. वाळू थंडीने गोठली होती. लोवने तिला तेल शोषून घेणारी एक प्रकारची भाजकी माती दिली. तीच पुढे पिशव्यांतून विकायला लागली. तोपर्यंत मांजराला रोज बाहेर सोडावंच लागायचं. माती आली आणि मांजर कायमचं घरात राहू शकायला लागलं. बाहेर जाणं संपलं, शिकार संपली, आणि आपण ताटलीत घालू तेवढंच त्याचं जग झालं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना इथे धोक्याची घंटा ऐकू आली असेल. एखादा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं एका मशीनवर नीट चालतो. तो दुसऱ्या एखाद्या लायब्ररीवर अवलंबून आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ती त्या मशीनवर आधीपासून असतेच. मग नवीन सर्व्हर येतो, कोड एका ओळीनेही बदललेला नसतो, आणि तरी सगळं कोसळतं.

मांजराची ती न लिहिलेली लायब्ररी म्हणजे उंदीर.

१९७५ मध्ये के. सी. हेज आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. त्यांनी मांजरांना प्रथिन म्हणून केसीन दिलं होतं. त्या मांजरांच्या डोळ्यांतला पडदा झिजत गेला आणि रक्तात टॉरिन फार कमी सापडलं. केसीन म्हणजे काय? दुधातलं मुख्य प्रथिन. ही ओळ मी तीनदा वाचली.

कारण असं, की कुत्रा इतर घटकांपासून टॉरिन शरीरात तयार करू शकतो. मांजराचा तो कारखाना जवळपास बंद आहे. त्यात पित्तासाठी टॉरिनचा खर्च रोज चालूच, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. आवक शून्य, खर्च रोजचा. शिल्लक संपायला काही महिने, कधी वर्षं लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. १९७८ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदली गेली : कुत्र्याचं खाणं खाऊन वाढलेल्या मांजरांचे डोळे गेले होते. तेच खाणं कुत्र्यांना मात्र चालत होतं.

मग कंपन्या मांजराच्या खाण्यात टॉरिन घालायला लागल्या. प्रश्न मिटला? नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांच्या रक्तातही टॉरिन कमी आहे. आणि ही मांजरं चांगलं विकतचं खाणं खात होती, त्यात टॉरिन ठरलेल्या प्रमाणात होतंही! पुढे उलगडा झाला तो असा : डबाबंद खाणं तापवताना त्यात असे बदल होतात की मांजराच्या आतड्यातले जिवाणू टॉरिन जास्त फस्त करतात. डब्यावरचा आकडा बरोबर होता, पण तो मांजरापर्यंत पोचत नव्हता. प्रमाण वाढवलं आणि हा आजार एकदम कमी झाला. टॉरिन दिल्यावर कित्येक मांजरांची हृदयं सुधारलीसुद्धा. डोळ्यांचा पडदा मात्र एकदा गेला की परत येत नाही.

मध्यंतरी आईबाबा आमच्याकडे राहायला आले होते. मी गोट्याला उकडलेली कोंबडी घालताना पाहून आईने नाक मुरडलं.

"वाड्यात मनीला काय वेगळं देत होतो रे? दूधभातच ना! चांगली टुणटुणीत होती."

"आई, वाड्यात ती उंदीर खायची. पाली खायची. तुला दिसायचं नाही इतकंच."

आई हसली. मग मी शहाणपणा करत पुढचं सगळं सांगितलं, केसीन, पडदा, १९७५. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ती हसायची थांबली आहे.

"म्हणजे तिचे डोळे माझ्यामुळे गेले?"

काय उत्तर देणार? मनीचं रक्त कोणी तपासलं नव्हतं, त्यामुळे खात्रीने काहीच सांगता येणार नाही. दुसरं काही कारण असू शकतं. पण लक्षणं जुळतात, काळ जुळतो, आणि नाही म्हणून आईशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी एवढंच म्हणालो, की ज्यांचा हाच धंदा होता त्यांनाही १९८७ पर्यंत पुरतं कळलं नव्हतं. आई म्हणाली, "पण आपण तर २००५ मध्ये होतो ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. माहिती जगात होती, आमच्या घरात नव्हती.

आणि नुसतं टॉरिनच गेलं असं नाही. ग्रिल लावल्यावर मनीचं अख्खं कामच गेलं होतं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या हॉल आणि ब्रॅडशॉ यांनी १९९८ मध्ये दाखवलं की भुकेलेलं मांजर खेळण्याशी जास्त जोमाने खेळतं. म्हणजे आपण ज्याला खेळ म्हणतो ती त्याच्या लेखी शिकारच. २००२ च्या त्यांच्या अभ्यासात तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजर कंटाळतं आणि नवीन दिलं की परत उसळतं, असं दिसलं. २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाने इंग्लंडमधल्या तीनशेहून जास्त मांजरांवर अभ्यास केला. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिलं तर घरी आणल्या जाणाऱ्या शिकारीत ३६ टक्के घट, आणि रोज फक्त ५ ते १० मिनिटं खेळवलं तर २५ टक्के घट! मनी सोफ्याच्या कापडाला बोचकारायची तेव्हा आम्ही तिला रागवायचो. आमच्या मते ती ‘बिघडली’ होती.

बंद जागेने प्राण्याबद्दल गैरसमज होतात, हे कुत्र्यांच्या बाबतीतही झालंय. "कुत्र्याला दाबात ठेवा, घरात बॉस कोण ते दाखवा" हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. त्याचं मूळ १९४७ च्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासात आहे, आणि तो होता कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरचा. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर पोचवली. त्याच मेकनी १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, एक साधं कुटुंब. स्वतःचं गाजलेलं म्हणणं असं मागे घ्यायला हिंमत लागते. आमच्याकडे साधा बग मान्य करायला लोक दोन मीटिंगा घेतात.

असो. तर सध्या आमच्या घरची पद्धत अशी : गोट्याला पिशवीवर ‘संपूर्ण आहार’ लिहिलेलं मांजराचंच खाणं, कुत्र्याचं नाही. वर अधूनमधून मीठमसाला न घातलेली कोंबडी. दूध नाही, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं काठीला बांधलेलं पीस, आणि शेवटी ते त्याला पकडू द्यायचं. शिकार झाली, मग जेवण. खेळणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. एवढंच.

जायच्या आदल्या संध्याकाळी आईने ती काठी स्वतःहून हातात घेतली. गोट्या सोफ्याआडून दबा धरून बसला, मागचे पाय हलवले, आणि झेपावला. आई म्हणाली, "मनी अगदी अशीच करायची, वाड्यात."

मग तिने उठून पिशवीतले दाणे मोजून त्याच्या ताटलीत घातले, आणि पिशवी उलटी करून चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचत बसली.