कॉम्प्युटरवरचे फोटोचे फोल्डर गायब झाले? नवीन काही टाकू नका, आधी हे तपासा

यवतमाळ : लग्नाचे, बारशाचे फोटो, खरडून गेलेल्या शेताचे पंचनाम्यासाठी काढलेले फोटो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा तेवढाच एक चांगला फोटो. मोबाइल भरला की हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर टाकलं जातं आणि मग वर्ष-वर्ष तिकडे कोणी पाहत नाही. तेरवीच्या पत्रिकेसाठी नाहीतर तहसीलच्या कामासाठी फोटो शोधायला जावं, तर फोल्डरच दिसत नाही. फोल्डर न दिसणं आणि फोटो पुसले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेचदा फोटो जागेवरच असतात, घाईत केलेल्या उपद्व्यापाने ते कायमचे जातात.

आधी 'धिस पीसी' उघडून प्रत्येक ड्राइव्हखाली किती जागा भरली आहे ते पाहा. मोबाइलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा धरला तर दोन हजार फोटो म्हणजे ६ ते १० जीबी. ड्राइव्ह पहिल्याइतकाच भरलेला असेल तर फोटो आतच कुठेतरी आहेत. एकदम तेवढी जागा मोकळी झाली असेल तर ते पुसले गेलेत असं समजून लगेच थांबायचं. फाइल पुसली म्हणजे कॉम्प्युटर फक्त तिची नोंद काढून टाकतो, मूळ मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. सातबाऱ्यावरून नाव उडालं म्हणून वावर कुठे जात नाही, तसंच हे. पण त्या मोकळ्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं. म्हणून अशा कॉम्प्युटरवर सिनेमे टाकणं, गेम खेळणं, अपडेट चालवणं, एवढंच काय, फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकणंही बंद.

फोटो आत आहेत असं दिसलं तर शोध सोपा आहे. माऊसने ओढताना एक फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडणं हे नेहमीचंच. 'धिस पीसी'मध्ये वर कोपऱ्यात शोधायच्या चौकटीत फोल्डरचं नाव टाका. नाव आठवत नसेल तर इंग्रजीत चांदणी, टिंब आणि जेपीजी अशी अक्षरं टाका, सगळे फोटो समोर येतात. 'रिसायकल बिन'ही पाहून घ्या. तिथे फोल्डरवर उजवी क्लिक करून 'रिस्टोअर' म्हटलं की ते मूळ जागी जातं. मात्र पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरून पुसलेलं बिनमध्ये येत नाही, आणि शिफ्ट दाबून डिलीट केलेलंही नाही.

पेनड्राइव्हवर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसत असतील तर तो व्हायरसचा प्रकार आहे. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच कॉम्प्युटर शंभर पेनड्राइव्ह पाहतो, तिथून हा रोग घरी येतो. व्हायरस फोटो पुसत नाही, लपवतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरस चालवा, मग फोल्डरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'व्ह्यू'खाली लपलेल्या फाइल दाखवायला सांगा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' याच्यासमोरची टिक काढा. फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात. ते दुसरीकडे कॉपी करून पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा.

आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे लाइन. कॉम्प्युटर चालू असताना लाइन गेली की डिस्कची मांडणी विस्कटते. पुढच्या वेळी सुरू करताना काळ्या किंवा निळ्या पडद्यावर डिस्क तपासणी आपोआप चालते, आणि तिला जे तुकडे सापडतात पण कुठले ते कळत नाही, ते ती त्याच ड्राइव्हवर 'फाउंड' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकते. नावापुढे टिंब आणि तीन शून्य असतात. आत सीएचके शेपटीच्या फाइल निघतात. त्या दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून शेपटी बदलून जेपीजी केली तर त्यातले बरेच फोटो उघडतात. ही जागा फार थोड्यांना माहीत असते, दुकानदारही बरेचदा तिकडे पाहत नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र कुठलीच तपासणी चालवू नये, कॉम्प्युटर बंद करून ठेवावा.

अपडेटनंतर डेस्कटॉप एकदम कोरा दिसतो, हीही तक्रार नेहमीची. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर अनेकांना असंच झालं होतं. कॉम्प्युटर तात्पुरत्या खात्यात उघडत होता आणि खरं खातं नाव बदलून बाजूला पडलं होतं. दोन-तीनदा रिस्टार्ट करून पाहावं. नाही जमलं तर सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावासारखं दुसरं फोल्डर आहे का ते बघावं. त्याआधी २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या मोठ्या अपडेटने तर काही जणांचे फोटो खरोखर पुसले. ज्यांनी 'पिक्चर्स'ची जागा सी वरून दुसरीकडे हलवली, पण जुने फोटो जुन्याच जागी राहू दिले, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटने फालतू समजून काढून टाकलं. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत ते अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला परत दिलं. 'पिक्चर्स' रिकामं दिसलं तर 'वनड्राइव्ह'मधलं 'पिक्चर्स'ही उघडून बघावं, विंडोज कधीकधी फोटो तिकडे हलवते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुने कॉम्प्युटर दुकानात नेऊन नवी विंडोज टाकून आणणं सध्या जोरात आहे. दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो. डी ड्राइव्ह वाचतो, पण डेस्कटॉपवर ठेवलेलं फोल्डर हे सी मध्येच असतं, हे कास्तकाराच्या घरात कोणी सांगितलेलं नसतं. फॉरमॅट न करता नुसतं नव्या आवृत्तीवर चढवलं असेल तर सी मध्ये 'विंडोज ओल्ड' हे फोल्डर सापडतं, पण ते साधारण १० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दुकानात एसएसडी बसवली असेल तर जुनी हार्ड डिस्क मागून घ्या. फोटो तिच्यावरच असतात.

खरोखर पुसलेले फोटो परत आणायला 'फोटोरेक' आणि 'रिकुव्हा' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. फोटोरेक फाइलची नावं परत देत नाही, सगळे फोटो आकड्यांच्या नावाने बाहेर काढतं. निवडत बसावं लागतं. सापडलेले फोटो नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे. जुन्या हार्ड डिस्कवर आशा असते. एसएसडीवर मात्र पुसलेली जागा कॉम्प्युटर स्वतःच साफ करून टाकतो, तिथे यश कमी.

जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली, ते अजून सगळ्यांच्या ध्यानात आहे. घरात पाणी शिरून कॉम्प्युटर बुडला असेल तर वाळवून 'चालतो का' म्हणून बटण दाबू नका. डिस्क काढा, उन्हात ठेवू नका, उघडू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. फोटो परत मिळाले नाहीत तर पैसे लागणार का, हे आधीच विचारून घ्यावं.

इंटरनेटवर 'फोटो परत मिळवा' म्हणून दिसणाऱ्या नंबरवर फोन करून एनीडेस्कसारखं ॲप टाकून घेऊ नका, त्यातून बँक खातं रिकामं होतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

कॉम्प्युटरवर काहीच निघालं नाही तरी जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड, लग्नाच्या फोटोग्राफरकडची प्रत आणि गुगल फोटोज पाहायचे राहू देऊ नका. गुगल फोटोजवर चढवलेला फोटो पुसला तरी त्याच्या 'बिन'मध्ये ६० दिवस राहतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरही तोच फोटो सापडतो, पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंद काढून टाकतं. पंचनाम्याचा फोटो म्हणूनच पाठवताना 'डॉक्युमेंट' करून पाठवावा, तो जसाच्या तसा पोहोचतो.