एकाच सुराचं पातं

थरथरीतून वीज मिळवायची म्हणून हॅकसॉचं ब्लेड बेंचव्हाइसमध्ये आवळलं, बुडाशी बझरमधली पितळी पिझो चकती चिकटवली, शेंड्याला वजन म्हणून नट बसवला. चकती पुण्याच्या बुधवार पेठेतली, पासोड्या विठोबाजवळून आणलेली. शेकर टेबलावर नेमकी कंपसंख्या लागली की ऑसिलोस्कोपवर उंच लाटा उठत. तोच जोड डब्यात घालून एसटीत पायाशी ठेवला, तर अख्खा घाट हादरे खाऊनही कपॅसिटर जेमतेम भरला.

त्या रात्री मी क्युरी बंधूंपासून वाचायला बसलो. १८८० मध्ये पॅरिसला झाक आणि पिएर यांनी क्वार्ट्झ, टूरमलीन, अगदी उसाच्या साखरेचे स्फटिकही दाबून विजेचा भार दाखवला. मला मात्र त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १८९८ मध्ये मारी क्युरी युरेनियमच्या क्षारांमुळे हवेतून वाहणारा अतिक्षीण प्रवाह मोजत होत्या. क्वार्ट्झच्या पट्टीला टांगलेल्या पारड्याचा भार हळूहळू पट्टीवर येऊ द्यायचा, पट्टीतून निघणाऱ्या विजेने तो प्रवाह तोलून धरायचा, इलेक्ट्रोमीटर शून्यावर ठेवायचा आणि वेळ मोजायचा. वजन ठाऊक, म्हणून वीजही ठाऊक. इतकी साधी आणि इतकी सचोटीची मोजणी मी दुसरी पाहिलेली नाही.

पुढेही स्फटिकाला ठरलेलंच काम मिळालं. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पोलादी तबकड्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्याखाली ध्वनी सोडला, तो निवडलेल्या कंपसंख्येचा. मनगटी घड्याळातलं क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. पूल, पंप, बस यांची थरथर अशी एका सुरात नसते. तिची ऊर्जा अनेक कंपसंख्यांवर पसरलेली असते आणि एकाच सुराला लावलेलं पातं त्यातला चिमूटभर वाटा उचलतं.

वाट सापडली ती वीज शोधणाऱ्यांच्या कामात नव्हे. १९७९ मध्ये कॉर्नेलचे मून आणि होम्स यांनी पोलादी पात्याच्या टोकाखाली दोन चुंबक ठेवले. पातं कधी या चुंबकाकडे, कधी त्या चुंबकाकडे झुके. त्यांना अभ्यासायचा होता तो केऑस. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, पेरुजाच्या कोत्तोने, वोक्का आणि गामाइतोनी यांनी थरथरीतून वीज मिळवण्यासाठी चुंबकाच्या जोरावर उलटा लंबक दोन बाजूंमध्ये डोलवला, तो यादृच्छिक धक्क्यांनी. त्याच वर्षी एर्तुर्क, हॉफमन आणि इनमन यांनी मून-होम्सच्या पात्यालाच पिझोसिरॅमिक चिकटवलं.

मीही ब्लेडच्या टोकाखाली दोन चुंबक लावले. सगळी मेहनत अंतराची. जवळ आणले तर पातं एकीकडे चिकटून बसे, लांब नेले तर पुन्हा जुनंच एकसुरी पातं. म्हणून मी खाली पोस्टकार्डाचे तुकडे सारत गेलो. सातव्या तुकड्याला, बाहेरून ट्रक गेला तेव्हा, टेबलाला कुणीही हात न लावता ब्लेड टक्कन पलीकडे गेलं आणि थोड्या वेळाने परत आलं.