उर्फ, वतन आणि सोडलेले गाव : आपल्या आडनावांचा मागोवा

बीड जिल्ह्यातील आपल्या ज्ञातिबांधवांपैकी किती जणांस पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येईल? प्रस्तुत लेखकास ते येत नव्हते. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह एवढ्यांचाच उच्चार होतो आणि आपली स्मृतीही तेथेच थांबते. पुढे जावयाचे तर कागदांकडे वळावे लागते. आणि कागदांत शिरताच पहिला घोटाळा उभा राहतो तो आडनावाचा.

देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही मुळात वतनांची नावे. वतने गेली, नावे राहिली. धारूरकर, माजलगावकर, अंबाजोगाईकर ही गावांवरून पडली. परंतु धारुरात राहणाऱ्यास धारुरात कोणी धारूरकर म्हणत नाही. तो हैदराबादेस वा पुण्यास गेला म्हणजे ते नाव त्यास चिकटते. असे आडनाव राहत्या गावाचे नसून सोडलेल्या गावाचे असते. त्यामुळे एक भाऊ कुलकर्णी राहिला आणि दुसरा परगावी जाऊन गावाच्या नावाने ओळखला गेला, की दोन-तीन पिढ्यांत त्यांच्या संततीस परस्परांची ओळख उरत नाही. उलट पवार, जाधव, शिंदे, काळे ही आडनावे कितीतरी ज्ञातींत आढळतात. केवळ कुलदैवतावरही विसंबू नये. अंबाजोगाईच्या योगेश्वरीस कोकणातील चित्पावन घराणीही कुलस्वामिनी मानतात!

कॅनडातील फ्रेंच वंशाच्या लोकांत असाच प्रकार होता. फ्रान्सच्या पिकार्दी प्रांतातून आलेला तो 'पिकार'. मूळ नावापुढे 'दी' हा शब्द घालून दुसरे नाव लिहीत. हा 'दी' म्हणजे आपला 'उर्फ'च होय. तेथेही भावाभावांची आडनावे निराळी झाली. परंतु चर्चच्या दप्तरांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी होत्या. त्यांच्या आधारे सिप्रियें टांगे या धर्मोपदेशकाने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळी-कोश सिद्ध केला.

आपले दप्तर मोडीत आणि उर्दूत. निजामी राज्यात १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू दरबारी भाषा झाली. उर्दूत 'ळ' नाही, आणि एकाच अक्षराने उ, ऊ व ओ लिहिले जातात. मग 'मुळे' हे नाव 'मोले' असे वाचले गेल्यास नवल काय? अंबाजोगाई तर त्या कागदांत मोमिनाबाद या नावाने शोधावी लागते. हा खटाटोप केवळ हौशीचा नाही. सन २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा एका जुन्या अक्षराच्या वाचनावर कुटुंबाचे भवितव्य कसे अवलंबून असते हे सर्वांस दिसले. आमच्याच घरी एका कारकुनाच्या हातून आडनावाचे एक अक्षर बदलले. त्यापायी वडिलांस दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले.

अखेर लेखकास उपयोगी पडली ती त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही. मोडी अक्षरांत पणजोबांच्या वडिलांचे नाव होते, पुढे 'उर्फ' आणि घरात कोणीही न ऐकलेले दुसरे नाव. वडीलधाऱ्याचे नाव नातवास ठेवावयाचे आणि हाक मात्र बापू, अप्पा अशी मारावयाची, या रीतीने असे उर्फ जन्मतात. त्याखाली त्यांच्या पत्नीचे नाव होते. पण ते सासरचे. क्वेबेकच्या जुन्या नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्या आडनावाने लिहिली जाई, आणि १९८१ पासून तेथे कायद्यानेच ती जन्मनाव राखते. आपल्याकडे लग्नात नावही बदलावयाचे आणि आडनावही, मग तिचा माग कशाने काढावा? एक वाट आहे. श्राद्धात मातामहांचाही उच्चार होतो. म्हणून आईच्या श्राद्धासाठी मुलगा तीर्थास गेला असेल, तर त्या नोंदीत तिच्या पित्याचे नाव मिळण्याचा संभव असतो. ती नोंद लेखकास अद्याप सापडलेली नाही. पाटोदा व आष्टी भागांतील ज्या घरी जुनी मोडी दप्तरे वा यात्रेच्या नोंदी असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता मंडळाच्या चिटणिसांस कळवावे, ही विनंती.