रामपायलीतल्या सोयरिकी: कूर, नाव आणि छत्तीस गुण

"आमच्याकडे पूर्वीपासून छत्तीस गुण पाहूनच लग्नं होतात." रामपायली, वारासिवनी, खैरलांजी या पट्ट्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मुलीला मागणी आली की आधी मोबाईलवर दोघांच्या जन्मतारखा आणि वेळा टाकायच्या. आकडा चांगला आला तर पाहुण्यांना बोलवायचं, नाही तर "पत्रिका जुळत नाही" असा निरोप धाडायचा. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, कारण ही म्हणे वाडवडिलांची रीत. या टिपणात मला एवढंच तपासायचं आहे: ही "पूर्वीपासून"ची रीत आपल्या गावात नेमकी किती पूर्वीची?

आधी हिशेब समजून घेऊ. गुणमेलनात आठ कूटं असतात. वर्णाचा १ गुण, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८, असे मिळून ३६. अठरा जुळले की चालतं म्हणतात. हे सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात, कोणत्या चरणात होता. एक नक्षत्र ओलांडायला चंद्राला साधारण एक दिवस लागतो, एक चरण ओलांडायला सहा तास. म्हणजे नुसती तारीख माहीत असली तर बहुधा दोन नक्षत्रं शक्य राहतात. त्यांतलं नेमकं कोणतं, हे जन्मवेळेशिवाय कळत नाही. मंगळ पाहायचा तर लग्नरास लागते, आणि ती दर दोन तासांनी बदलते.

म्हणून खरा प्रश्न असा की रामपायलीच्या शेतकऱ्याच्या घरी शंभर वर्षांपूर्वी जन्मवेळ लिहीत कोण होतं?

जोशीबुवांशी नेमाचा संबंध असलेल्या थोड्या घरांत जन्मटिपण होत असे. शक, तिथी, वार आणि सूर्योदयापासून किती घटी, किती पळं, एवढं त्यात असे. साठ घटींचा एक अहोरात्र, म्हणजे एक घटी २४ मिनिटांची. बाकीच्या गावासाठी नोंद होती ती कोटवाराची. मध्य प्रांतात गावातले जन्म-मृत्यू पोलीस ठाण्यात कळवणं हे कोटवाराचं काम होतं. त्या जुन्या नोंदी आज जातीच्या दाखल्यासाठी शोधल्या जातात. त्यांत तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी हे सापडतं. पुष्कळदा बाळाचं नावही नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. वेळ तर नसतेच. अशा नोंदीवरून पत्रिका मांडता येत नाही.

मग सोयरीक कशी जुळायची? पहिली गोष्ट कूळ. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवारांत छत्तीस कूर मानतात: बिसेन, पटले, टेंभरे, रहांगडाले, कटरे, तुरकर असे. एका कुरात लग्न होत नाही. गोंड समाजात चार, पाच, सहा, सात देव मानणारी कुळं वेगळी; ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. ब्राह्मणांत गोत्र-प्रवर. ज्याला त्याला आपला हिशेब तोंडपाठ असे आणि त्याला कागद लागत नसे. पोवारांकडे छत्तीस हा आकडा होता, पण तो कुरांचा होता, गुणांचा नव्हे.

दुसरी गोष्ट नाव. जन्मवेळ नसली तर चालत्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र धरायचं. याला अवकहडा चक्र म्हणतात. २७ नक्षत्रांचे चार-चार चरण म्हणजे १०८ अक्षरं. चू, चे, चो, ला ही अश्विनीची. ही सोय निरक्षर घरांनाही परवडणारी होती. पण तिचं मोल किती, ते आपल्याच गावच्या देवावर करून पाहू. चंदन नदीकाठच्या देवळात जो राम उभा आहे, त्याचं नक्षत्र वाल्मीकिरामायणात पुनर्वसू सांगितलंय, गण देव. नावावरून काढलं तर "रा" अक्षराने चित्रा नक्षत्र येतं, गण राक्षस! "सी" अक्षराने सीतामाई शततारकेत जाते, तिचाही गण राक्षस. दोघांचा गण एकच, सहापैकी सहा गुण.

रामसीतेचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते, असंही लोक सांगतात. बालकांडात मात्र सीतेचं जन्मनक्षत्र दिलेलंच नाही. तिथे आहे ते असं: धनुष्याचा पण, मग वसिष्ठांनी सांगितलेली इक्ष्वाकूंची वंशावळ, मग जनकाने स्वतः सांगितलेली आपली वंशावळ, आणि शेवटी लग्नासाठी उत्तराफाल्गुनी नक्षत्राचा दिवस. म्हणजे दोन्हीकडचं कूळ पाहिलं आणि मुहूर्त पाहिला. आश्वलायन गृह्यसूत्रातही आधी कुळाची परीक्षा सांगितली आहे. मुलीची लक्षणं ओळखणं अवघड म्हणून तिच्यापुढे वेगवेगळ्या जागच्या मातीची आठ ढेकळं ठेवायची नि ती कोणतं उचलते ते पाहायचं, असा तोडगाही त्यात आहे. आठ कूटांचा हिशेब त्यात नाही. हा हिशेब मुहूर्तग्रंथांनी रुजवला; रामदैवज्ञाचा "मुहूर्तचिंतामणी" शके १५२२ चा, म्हणजे इ.स. १६०० चा. तेव्हा तो जुना नाही असं मी म्हणत नाही. पण पोथीत असणं वेगळं आणि रामपायलीच्या ओसरीवर असणं वेगळं.

ओसरीपर्यंत तो आला छापील पंचांगामुळे आणि घड्याळामुळे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पंचांग छापलं. पुढे सोलापूरचं दाते पंचांग, १९७३ पासून "कालनिर्णय", आणि आपल्याकडे जबलपूरचं लाला रामस्वरूप. आता गुणमेलनाचा तयार तक्ता कुणालाही उघडून पाहता येऊ लागला. पुढे बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली आणि जन्माची वेळ मिनिटासकट कागदावर आली. माझ्या मते आपल्या भागात छत्तीस गुण सर्व जातींत पसरले ते या दोन गोष्टींनंतर. म्हणजे ही आजोबांच्या आजोबांची रीत नसून बहुतेक घरांत दोन-तीन पिढ्यांचीच आहे.

जुनी टिपणं ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही इथे जपून चालावं लागतं, कारण आपण सरहद्दीवर राहतो. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, हिंदी पंचांगात पौर्णिमेला. कृष्णजन्म आपण श्रावण वद्य अष्टमीला म्हणतो, शेजारचा तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतो. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून मराठी वळणाने लिहिलेलं टिपण हिंदी पंचांगावरून वाचलं की वद्य पक्षातल्या जन्माचा अख्खा महिना चुकतो. शिवाय १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती. त्या वर्षांतली घड्याळी वेळ तशीच धरली तर लग्नरास बदलू शकते. आणि पंचांगांचंही एकमत नव्हतं. लोकमान्य टिळकांनी पुरस्कारलेल्या पंचांगाचं आरंभस्थान आणि चित्रापक्षाचं आरंभस्थान यांत सुमारे चार अंशांचा फरक. नक्षत्र १३ अंश २० कलांचं, तेव्हा दहांतल्या तीन जन्मांचं नक्षत्र एका पंचांगात एक, दुसऱ्यात दुसरं.

हे सगळं मी का उकरतोय? कारण त्या आकड्यावर पोरींची लग्नं अडतात. नाड्या तीनच: आद्य, मध्य, अंत्य, प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. म्हणून कुठलीही दोन माणसं घ्या, तिघांत एका जोडीची नाडी एकच निघणार आणि आठ गुण जाणार. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी असला की दोष मानतात. बारापैकी पाच घरं, म्हणजे शंभरातल्या चाळिसेक जणांना मंगळ. शास्त्राने अपवाद भरपूर सांगितलेत, पण मोबाईलवर आकडाच आधी दिसतो. आमच्याच नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध ठरलेलं असताना एकनाडी म्हणून मोडलं. तिच्या आईचं नि आजीचं लग्न नुसती नावं विचारून झालं होतं. त्या दोघींच्या संसारात कुणी गुण मोजले नाहीत, आणि छत्तीसचा आकडा झाला म्हणूनही कधी ऐकलं नाही.

ज्यांना पत्रिका पाहायची त्यांनी जरूर पाहावी, तो श्रद्धेचा प्रश्न आहे. पण ती "पूर्वजांची अट" म्हणून मुलीच्या बापापुढे ठेवू नये, कारण आपल्या बहुतेक पूर्वजांकडे ती अट पाळण्याचं साधनच नव्हतं.

वाचकांना एक विनंती. घरातल्या पत्र्याच्या पेटीत जन्मटिपण, लग्नाची याद किंवा जुनं पंचांग असेल तर रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा, आणि टिपणावर महिना कोणत्या रीतीने लिहिलाय ते घरच्या जाणत्यांना विचारून शेजारी नोंदवून ठेवा. आजी-आजोबांना आणखी एक विचारा: तुमचं लग्न जमवताना काय काय पाहिलं होतं? कूर, शेत, पाणी, नाव की पत्रिका? ही उत्तरं कोटवाराच्या नोंदीत नाहीत, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.