अभिजात चिनी संगीतनाट्यातील प्रेमकल्पनेचे स्थित्यंतर

प्रस्तावना :
पारंपरिक चिनी समाजात विवाह ही दोन व्यक्तींची नव्हे, तर दोन घराण्यांची बाब होती. मातापित्यांची आज्ञा आणि मध्यस्थाचा शब्द हे तिचे आधार होत. तरीही रंगभूमीवर प्रेमकथांना सातत्याने प्रेक्षक लाभले. ही विसंगती नाटककारांनी कशी हाताळली, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन नाटकांच्या आधारे केला आहे.

वचनाचा आधार :
वांग शिफू याचे 'पश्चिम कक्षाची कथा' हे युआन राजवटीतील (१२७१-१३६८) नाटक युआन झेन (७७९-८३१) याच्या कथेवर आधारित आहे. मूळ कथेत तरुण पंडित झांग आपल्या प्रेयसीचा, इंगइंगचा त्याग करतो आणि समकालीन लोक त्याची प्रशंसा करतात. नाटकात मात्र मठाला बंडखोरांचा वेढा पडला असता इंगइंगची आई सुटका करणाऱ्यास कन्या देण्याचे वचन देते व पुढे ते मोडते. दासी होंगन्यांग या वचनभंगाचाच दोष तिच्या पदरी घालते. म्हणजेच प्रेमाचे समर्थन परंपरेला मान्य असलेल्या सत्यवचनाच्या मूल्यावर उभे राहते. विवाहासाठी झांगला राजकीय परीक्षेत यश मिळवावेच लागते.

मृत्यूपलीकडील प्रेम :
तांग श्यानत्सू (१५५०-१६१६) याच्या पंचावन्न प्रवेशांच्या 'मुदान थिंग' (१५९८) या नाटकात दू लिन्यांग स्वप्नात भेटलेल्या तरुणासाठी झुरून मरते आणि तीन वर्षांनी त्याच्या प्रेमामुळे पुन्हा जिवंत होते. प्रस्तावनेत नाटककाराने भावनेला तर्काच्या मोजपट्टीतून मुक्त केले आहे. परंतु प्रेतरूपात निःसंकोच भेटणारी नायिका देह परत मिळताच विधियुक्त विवाहाचा आग्रह धरते आणि शेवटी सम्राटाची मान्यता आवश्यक ठरते.

राज्यनाश आणि प्रेम :
खुंग शांगरन याच्या 'थाओहुआ शान' (१६९९) या नाटकाला मिंग सत्तेच्या पतनाची (१६४४-४५) पार्श्वभूमी आहे. गणिका ली श्यांगच्युन बळजबरीचा विवाह नाकारते. तिच्या रक्ताचे पंख्यावर पडलेले डाग पुढे फुलांच्या चित्रात रूपांतरित होतात. दीर्घ विरहानंतर ती व हौ फांगयू एकत्र येतात, तेव्हा एक ताओपंथी साधू तो पंखा फाडून टाकतो. देशच उरला नसताना प्रेमाला अर्थ कोणता, या जाणिवेने दोघे संन्यास घेऊन विभक्त होतात.

निष्कर्ष :
हा प्रवास बंधनाकडून स्वातंत्र्याकडे सरळ रेषेत जात नाही. पहिल्या दोन नाटकांत प्रेम रूढी ओलांडते, परंतु परीक्षा व सम्राट यांच्या मान्यतेनेच सुफळ होते. तिसऱ्यात प्रेमिकांची निष्ठा तितकीच दृढ आहे, मात्र मान्यता देणारी व्यवस्थाच कोसळली आहे. व्यवस्थेचा नाश होताच प्रेम मुक्त होत नाही, निराधार होते. म्हणून या नाटकांतील प्रेमाचा अभ्यास हा त्या त्या काळातील राजसत्तेचाही अभ्यास ठरतो.