कागद कोणाच्या घरचा? : मराठी इतिहासलेखनातील आधारनिर्देश

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पेशवाई बुडाल्यानंतर डफ साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता. छत्रपतींचे व पेशव्यांचे दफ्तर, जुन्या घराण्यांतील बखरी, इंग्रजांच्या वखारींतील पत्रव्यवहार हे सारे एकाच वेळी हाताळण्याची जी सोय त्याला लाभली, ती त्यापूर्वी कोणालाच लाभली नव्हती. त्याने कष्टही तसेच केले. त्याच्या ग्रंथाच्या तळाशी टीपा आहेत, आणि त्या काळाच्या मानाने त्या पुष्कळच आहेत. परंतु खाफीखानाचे किंवा इंग्रजी दफ्तराचे नाव जेथे स्वच्छ येते, तेथे मराठी आधाराच्या वाट्याला बहुधा ‘मराठी हस्तलिखिते’ एवढाच मोघम शब्द येतो. कोणते हस्तलिखित, कोणाच्या घरचे, केव्हाचे, हे त्या शब्दावरून कळत नाही.

डफने काही हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या होत्या. पुढे लोक त्या पाहावयास गेले, तेव्हा त्या सापडल्या नाहीत. त्या जाळल्या गेल्याची वदंताही उठली. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी आपल्या मराठी बखरींवरील निबंधात या साऱ्याची नोंद केली आहे. जाळल्याची गोष्ट खरी की खोटी, हा येथे प्रश्न नाही. (आधार दडवल्याचा आरोप करणाऱ्यानेही आधार द्यावयास हवा, हे मात्र जाता जाता म्हटले पाहिजे.) प्रश्न असा, की नकला गहाळ झाल्यावर डफच्या मजकुराची पडताळणी करावयाची कशी? टीप स्पष्ट असती तर मूळ घरापर्यंत जाता आले असते. टीप मोघम, त्यामुळे वाटच खुंटली.

या इतिहासाची पहिली मराठी चिकित्सा पुण्यात शिकत असलेल्या एका तरुणाने केली, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये पुण्याच्या तरुणांच्या सभेत डफच्या ग्रंथावर निबंध वाचला. ‘विविधज्ञानविस्तारा’ने तो पुढे छापला. ज्या ग्रंथाच्या भाषांतरावर मराठी शाळांतील मुलांच्या पिढ्या पोसल्या, त्या ग्रंथाला ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असे विचारणारा हा विद्यार्थी विशीच्या घरातला होता.

आपल्या जुन्या बखरकारांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. ती कोणाच्या आज्ञेने लिहिली हे आपल्याला कळते, कोणाकोणाला विचारून लिहिली हे कळत नाही. त्याने स्वतः तो काळ पाहिलेला होता, म्हणून ते चालून गेले. मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली ती शिवकाळानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. त्यांच्यापुढे आधीचे लेखन असणारच. पण कोणता तपशील कोठून उचलला, हे सांगण्याची त्या लेखनप्रकाराची रीतच नव्हती. त्याबद्दल बखरकारांना दोष देणे हा अन्याय होईल. दोष द्यावयाचा तर तो बखरीतील वाक्य बखरीचे नाव न घेता उचलणाऱ्या पुढच्या लेखकांना.

या न सांगण्याची किंमत काय होते, याचे ठळक उदाहरण शिवजन्मतिथीचे आहे. उत्तरकालीन बखरींत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधला, म्हणजे इसवी सन १६२७ चा दिला आहे. डफनेही १६२७ हेच साल स्वीकारले. मग डफवरून ते चरित्रांत आले, चरित्रांवरून क्रमिक पुस्तकांत आणि क्रमिक पुस्तकांवरून लोकांच्या तोंडी. पाऊणशे वर्षांत या सालाच्या बाजूने ग्रंथांची केवढी तरी रांग उभी राहिली. पण त्या रांगेत साक्षीदार किती होते? प्रत्येक लेखकाने आपला आधार नीट सांगितला असता, तर ती सारी रांग हटून मागे दोनतीन उशिराच्या बखरी तेवढ्या उरल्या असत्या. एकाच साक्षीदाराचे म्हणणे दहा जणांनी आपापल्या नावावर सांगितले, की ऐकणाऱ्याला दहा साक्षीदार भेटल्याचा भास होतो.

हा भास मोडला तो एका घरच्या कागदामुळे. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांनी आपल्याकडील एक जुनी शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती दिली. १९१६ मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनात छापली गेली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी आहे. इसवी सनाप्रमाणे ती १९ फेब्रुवारी १६३० येते. एका शकावलीवर कोणी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु तंजावरास मिळालेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातही तीच तिथी निघाली. कारीची शकावली आणि तंजावरची संस्कृत पोथी यांनी एकमेकींवरून नक्कल केली असण्याचा संभव नाही, आणि हे आपण म्हणू शकतो ते दोन्ही कोठून आल्या हे छापणाऱ्यांनी सांगून ठेवले म्हणून. शकावलीच्या तर नावातच घराणे आहे. आज ‘जेधे शकावली’ असे लिहिणारा विद्यार्थी नकळत का होईना, कागद जपणाऱ्या घराचे ऋण मान्य करीत असतो.

मराठी साधनग्रंथांत ही रीत चांगली रुळली. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रे १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापावयास घेतली आणि अखेरपर्यंत ते व्रत सोडले नाही. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. वाईस एरंड्यांच्या घरी मिळालेल्या पानिपतकालीन पत्रांचा तो खंड आहे. महाराष्ट्राबाहेरही हे काम झाले. कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे दफ्तर ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळके यांनी शिंदेशाहीच्या इतिहासाची साधने म्हणून उजेडात आणले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी असताना गो. स. सरदेसाईंनी रियासतीला हात घातला आणि निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. आपल्यासारख्या ग्रंथालयांच्या कपाटांत यांतले बरेचसे खंड आहेत. त्यांची पाने पिवळी पडली असली, तरी त्यांवाचून मराठ्यांच्या इतिहासावरील एकही प्रबंध पुरा होत नाही.

या खंडांतील प्रत्येक पत्राला लेखांक असतो. आधार देताना खंड आणि लेखांक द्यावा, केवळ पृष्ठांक देऊ नये, असे जाणते सांगत आले, त्याचे कारण व्यावहारिक आहे. आवृत्ती बदलली की पृष्ठ सरकते, लेखांक सहसा सरकत नाही. दुसरी गोष्ट, छापील पत्र म्हणजे मूळ पत्र नव्हे. ते कोणी तरी मोडीवरून बालबोधीत उतरवले आहे. उतरवताना कधी मायना गाळला आहे, कधी न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबे दिली आहेत, कधी तारीख संपादकाने अनुमानाने घातली आहे. म्हणून ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ असे लिहिणे म्हणजे केवळ राजवाड्यांना मान देणे नव्हे. वाचन त्यांचे आहे, ते चुकले असल्यास येथे तपासा, असे वाचकाला सांगणे आहे.

हल्लीचे प्रबंध वाचताना या बाबतीत एक खटकणारी सवय दिसते. विद्यार्थी सरदेसाईंची रियासत वाचतो, तिच्यातील टीप पाहतो आणि आपल्या प्रबंधात रियासतीचे नाव गाळून ती टीप जशीच्या तशी उतरवतो. त्याने मूळ कागद पाहिलेला नसतो, पण प्रबंधाच्या सूचीत दफ्तरांची नावे झळकतात. गोव्याच्या इतिहासात तर हे फारच सोपे झाले आहे. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवून, पोर्तुगीज कागद वाचून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. त्यांचे लेखन मराठीतही आले. मराठी भाषांतर वाचावयाचे आणि टीपेत मात्र पोर्तुगीज दफ्तराचा क्रमांक द्यावयाचा, हा प्रकार सर्रास चालतो. अशा टीपेत पिसुर्लेकर नाहीसे होतात, भाषांतरकारही नाहीसा होतो. भाषांतरात एखादी तारीख चुकली असेल, तर ती चूक थेट दफ्तरखान्याच्या माथी बसते आणि पुढच्या अभ्यासकाला तिचा उगम शोधावयास काही साधन उरत नाही.

जुन्या संपादकांची रीत याहून सरळ होती. अस्सल पाहिले असेल तर अस्सल म्हणावयाचे, नक्कल पाहिली असेल तर नक्कल; दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर त्याचे नाव. ‘पिसुर्लेकरांनी उद्धृत केलेले पत्र, मराठी भाषांतरावरून’ असे लिहिले, तर परीक्षकापुढे विद्यार्थ्याचा मोठेपणा थोडा कमी दिसेल, हे खरे. पण पुढे एखादा पोर्तुगीज जाणणारा मुलगा तोच प्रबंध हाती घेऊन पणजीस गेला, तर आपण नेमके कोणाचे वाचन तपासत आहोत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल.