ज्यू केंद्र, म्यूनिक

जर्मनीतील म्यूनिकच्या जुन्या भागात, सांक्ट याकोब्स चौकातील सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर), समाजकेंद्र व संग्रहालय यांचे संकुल. शहरातील मुख्य सिनेगॉग जून 1938 मध्ये हिटलरच्या आदेशाने पाडले गेले (पहा : नाझीवाद). सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर तेथून आलेल्या ज्यूंमुळे शहरातील ज्यू समाज वाढला व जागा अपुरी पडू लागली. म्हणून 9 नोव्हेंबर 2003 रोजी नव्या संकुलाची कोनशिला बसली. तीन वर्षांनी त्याच तारखेला ‘ओहेल याकोब’ सिनेगॉग खुले झाले. 1938 च्या ज्यूविरोधी हिंसाचाराचा हा स्मृतिदिन. सिनेगॉगचा ओबडधोबड दगडी तळभाग जेरूसलेमच्या पश्चिम भिंतीची आठवण देतो; वर धातूच्या जाळीने वेढलेली काचेची चौकोनी वास्तू आहे. समाजकेंद्राकडे जाणाऱ्या भुयारी मार्गात नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या शहरातील 4,500 हून अधिक ज्यूंची नावे लिहिली आहेत. समाजकेंद्रात शाळा, बालवाडी, सभागृह व कोशर उपाहारगृह आहे (पहा : कोशर). 2007 मध्ये उघडलेले संग्रहालय मात्र शहर प्रशासन चालवते.